आपल्या लेण्यांत कोण राहत होतं? भद्रायणीय निकायाबद्दल

खाडीपलीकडे

पाऊस उघडल्यावर भाच्याला घेऊन कान्हेरीला गेलो होतो. पोरगं नववीत आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरताना त्याने विचारलं, "मामा, इथले भिक्खू कुठल्या पंथाचे?" मी सवयीने "हीनयान" म्हणून मोकळा झालो. घरी परतेपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. आम्ही ज्या दारातून आत गेलो, तिथेच खरं उत्तर दगडात कोरलेलं आहे आणि ते मला माहीत होतं. पोराला मी आळसाने चुकीचं सांगितलं. हा धागा त्यासाठीच काढतोय.

हीनयान हे कोणाही भिक्खूने स्वतःला लावलेलं नाव नाही. ते पुढे महायानी ग्रंथांनी इतरांना दिलं. भिक्खू स्वतःची ओळख सांगायचे ती निकायाची. म्हणजे दीक्षा कोणत्या परंपरेत झाली, विनय म्हणजे आचारनियम कोणाचे पाळता, पिटक म्हणजे धर्मग्रंथ कोणाचे म्हणता. कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या लेखात निकायाचं नाव स्पष्ट आहे: भद्रायणीय, लेखातल्या प्राकृतात 'भदायनीय'. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी, गजसेन वगैरे व्यापारी भावांनी हे चैत्यगृह खोदवून घेतलं आणि भद्रायणीय आचार्यांच्या स्वाधीन केलं. लेखात कामावर देखरेख करणाऱ्या भदंतांची नावं आहेत, आणि काम करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. सेलवढकी म्हणजे पाथरवट, मिठिक म्हणजे दगडाला घोटाई करणारे. ते चैत्यगृह पूर्ण झालंच नाही. काही खांबांना कोरीव शीर्षं आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. भाचा त्यातल्या एका साध्या खांबाला टेकून वडापाव खात होता आणि मला मिठिकांचीच आठवण येत होती.

आता हे भद्रायणीय आले कुठून? बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर संघात पहिली मोठी फूट पडली ती स्थविर आणि महासांघिक अशी. स्थविरांच्या बाजूने पुढे वात्सीपुत्रीय निघाले आणि वात्सीपुत्रीयांच्या चार शाखा झाल्या: धर्मोत्तरीय, भद्रायणीय, सम्मितीय आणि षण्णगरिक. या चारांबाबत सिंहलातलं पाली इतिवृत्त दीपवंस आणि वसुमित्राचा संस्कृत परंपरेतला ग्रंथ या दोघांचंही जुळतं. वसुमित्र तर सांगतो की चौघे वेगळे झाले ते एका गाथेच्या अर्थावरून. विमुक्त झालेला पुन्हा घसरू शकतो का, या आशयाची ती गाथा. एका गाथेपायी चार घरं वेगळी झाली! अर्थाला एवढी किंमत देणारी ती माणसं होती.

या घराण्याचं वैशिष्ट्य म्हणजे पुद्गलवाद. त्याबद्दल लोकांनी विचारलं तर सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट सांगायचीय, ती मला फार दिवस छळतेय.

परंपरा अशी की सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्राला तिसरी संगीती, म्हणजे भिक्खूंची धम्मपरिषद, झाली आणि मोग्गलिपुत्त तिस्स तिचे प्रमुख होते. कथावत्थु हा परमतखंडनाचा ग्रंथ त्यांचाच. त्यातला अगदी पहिला वाद पुद्गलवाद्यांशी आहे: पुग्गल (पुद्गल), म्हणजे व्यक्ती, परमार्थाने सापडतो का? संगीतीनंतर याच तिस्सांनी ठिकठिकाणी धम्मदूत पाठवले. अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, योनक धम्मरक्खित आले. महावंस सांगतो की त्यांनी इथे अग्गिक्खन्धोपम सुत्त सांगितलं, पेटलेल्या अग्निराशीच्या उपमेचं. म्हणजे तिस्सांनी ज्यांच्याशी पहिला वाद घातला, त्यांच्याच वंशजांचं घर पुढच्या चार-साडेचार शतकांत त्यांनी दूत धाडलेल्या किनाऱ्यावर वसलं. हा सगळा प्रवास आपल्या दारातला आहे आणि आपण पोरांना 'हीनयान' एवढंच सांगतो.

गलबत

उत्तम धागा. मी सोपाऱ्याच्या बाजूचा, त्यामुळे भर घालतोच.

धर्मोत्तरीय म्हणजे या भद्रायणीयांचे सख्खे भाऊ, आणि ते आमच्या सोपाऱ्याला होते. याचा पुरावा सोपाऱ्यात नाही, कार्ल्यात आहे. तिथल्या चैत्यातला एक खांब सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीय परंपरेतल्या एका भाणकाने दान दिलाय. भाणक म्हणजे सुत्तं मुखोद्गत म्हणणारा. खांबात धातू, म्हणजे पूज्य अवशेष, ठेवल्याचा उल्लेख त्या लेखात आहे. एक भिक्खू सोपाऱ्याहून बोरघाट चढून जातो आणि तिथे खांब देतो. ते लेणं महासांघिकांना गावाचं दान मिळालेलं, म्हणजे दुसऱ्या पक्षाचं! भांडणं पोथीत होती, पण पाहुणचार आणि पुण्य एकमेकांकडे चालू होतं, असं मला त्यातून दिसतं.

आणि यज्ञ सातकर्णीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आमच्याकडे त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे मातीचे बारीक तुकडे, १३. आणि त्या ऐवजात यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. ज्याच्या काळात कान्हेरीचं चैत्यगृह भद्रायणीयांना मिळालं, त्याच राजाचं.

तांब्याच्या करंडकाभोवती ८ कांस्यमूर्ती ठेवलेल्या होत्या, सात बुद्ध आणि मैत्रेय. त्या घडणीवरून बऱ्याच नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे कोणीतरी पाच-सहाशे वर्षांनी ती पेटी उघडली, मूर्ती मांडल्या आणि पुन्हा भक्तीने बंद केली. मी लहानपणी त्या टेकाडावर पतंग उडवलेत. आज तिथे गेलो की चप्पल बाहेर काढतो.

कातळ

एक शंका. कान्हेरीत अवलोकितेश्वर, म्हणजे महायानातले करुणेचे बोधिसत्त्व, आहेत, ९० क्रमांकाच्या लेण्यात तर संकटांतून सोडवणारा अवलोकितेश्वर आहे, आजूबाजूला हत्ती, सिंह, बुडणारं जहाज. ४१ मध्ये अकरा तोंडांचा आहे. मग भद्रायणीय गेले आणि महायानी आले, असं झालं का?

खाडीपलीकडे

कातळ, प्रश्न मोलाचा आहे. गेले-आले असं मला वाटत नाही. महायान हा निकाय नव्हता. त्याचा वेगळा विनय नव्हता. भिक्खूची दीक्षा कुठल्या तरी निकायातच व्हायची, मग तो बोधिसत्त्वाची उपासना करो वा न करो. एकाच विहारात दोन्ही वृत्तीचे भिक्खू राहत, हे चिनी प्रवाशांनी लिहून ठेवलंय. कान्हेरीचं स्वरूप पाचव्या-सहाव्या शतकात पालटलं, मूर्ती आल्या, पण म्हणून जुन्या घरातली माणसं हाकलली गेली असं समजायचं कारण नाही.

बुडणाऱ्या जहाजाचं मात्र तुम्ही बरोबर हेरलंत. कल्याण, सोपारा, चौल या तिन्ही बंदरांतले दाते कान्हेरीच्या लेखांत आहेत. समुद्रावर जाणाऱ्याच्या घरी काय धास्ती असते ते आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कळतं.

निकाय वाढला कशावर, तर याच व्यापारावर. अपरेणु नावाचा कल्याणचा एक उपासक यज्ञ सातकर्णीच्या १६व्या वर्षी कान्हेरीला लेणं देतो आणि त्याच्याबरोबर अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, लावून देतो: २०० कार्षापण (त्या काळची नाणी), शिवाय मंगलठाण गावातलं शेत. मुद्दल मोडायचं नाही, उत्पन्नातून वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या, भिक्खूला चिवरासाठी १६ कार्षापण द्यायचे. मंगलठाण म्हणजे आजचं मागाठाणे. बोरिवलीच्या बसवर जी पाटी लागते तेच. रोज हजारो लोक त्या नावाने चढतात-उतरतात, आणि ते शेत अठराशे वर्षांपूर्वी भिक्खूंच्या वस्त्रासाठी लावून दिलेलं होतं.

आता माझा एक आडाखा, चुकला तर दुरुस्त करा. घाटवाटा बघा. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीने आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या वर्षी दिलेलं लेणं भद्रायणीयांना आहे, आणि कान्हेरीही त्यांचंच. मधली वाट थळघाटाची. धर्मोत्तरीय सोपाऱ्याला आणि वर जुन्नरला, तिथे त्यांचं भिक्खुणींचं निवासस्थानसुद्धा होतं. मधली वाट नाणेघाटाची. महासांघिक कार्ल्याला, बोरघाटाच्या माथ्यावर. निकाय जसे ग्रंथांनी बांधले गेले तसे वाटांनीही बांधले गेले, असं मला वाटतं. वर्षावास संपला की चारिका, म्हणजे भ्रमंती, करणारा भिक्खू ज्या तांड्याबरोबर चालेल, त्याच तांड्याच्या गावी त्याचा निकाय रुजेल.

अनिच्च

मी विपश्यना करणारा माणूस आहे, १४ वर्षं. इतिहास आवडला, पण एक गोष्ट मनापासून खटकते म्हणून लिहितो. पुद्गलवाद म्हणजे मागच्या दाराने आत्मा आत आणणं नव्हे काय? थेरवादाने, म्हणजे पाली परंपरेने, तो कथावत्थुच्या पहिल्याच प्रकरणात खोडला, आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशाचा नववा भाग त्यासाठी खर्ची घातला. अनत्त, म्हणजे नित्य आत्मा नाही हे, तथागतांच्या शिकवणीचा कणा. ज्यांनी तोच वाकवला त्यांचा गौरव कशासाठी?

खाडीपलीकडे

तुमचा आक्षेप जुना आणि भारदस्त आहे. महायानी तत्त्वज्ञ नागार्जुनानेही अग्नी-इंधनाची उपमा (ती पुढे सांगतो) तपासायला घेतली, म्हणजे त्यालाही हे मत वजनदार वाटलं असणार.

पण ते नेमकं काय म्हणत होते ते आधी त्यांच्या बाजूने ऐकू या. आत्मा नित्य आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत. ते स्वतःला बौद्धच मानत आणि आत्मवाद नाकारत. त्यांचा मुद्दा असा: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध आहेत. पुद्गल, म्हणजे व्यक्ती, या स्कंधांहून वेगळा नाही. पण स्कंध म्हणजेच पुद्गल असंही नाही. तो अवक्तव्य आहे, 'तोच' किंवा 'वेगळा' या दोन्ही शब्दांत बसत नाही. उपमा अग्नीची. चुलीत आंब्याचं लाकूड पेटलंय. लाकूड म्हणजे आग नाही, नाहीतर वखारीला हात लावला की भाजलं असतं. आणि लाकडाशिवाय आग वेगळी काढून दाखव म्हटलं तर तेही जमत नाही. लाकडाच्या आधाराने आपण 'आग' म्हणतो, तसं स्कंधांच्या आधाराने 'माणूस' म्हणतो.

हे त्यांना का लागलं? कारण कर्म करणारा कोण, फळ भोगणारा कोण आणि मैत्री करायची ती कोणाशी, हे प्रश्न त्यांना सोडवायचे होते. स्कंधांच्या ढिगावर करुणा कशी करणार? आणि त्यांच्या हातात सुत्तही होतं. संयुत्तनिकायातलं भार सुत्त. भार कोणता? पाच उपादानस्कंध. भार वाहणारा कोण? पुग्गल, 'हा आयुष्मान, अमुक नावाचा, अमुक गोत्राचा'. हे सुत्त थेरवादाच्याही पिटकात आहे, अनिच्च.

मी त्यांचा अनुयायी नाही. मला वाद मिटवायचाही नाही. पण त्यांचं म्हणणं आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या तोंडून कळतं. मूळ पिटक जवळजवळ सगळं गेलं. चिनी भाषांतरात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके ग्रंथ उरले. विनयाच्या २२ गाथांवरचा एक ग्रंथ उज्जैनहून चीनला गेलेल्या परमार्थाने ५६८ मध्ये भाषांतरित केला, तो त्यातलाच. सातव्या शतकात ह्युएनत्सांगाने पाहिलं तेव्हा या घराण्यातली सम्मितीय शाखा भारतात सर्वांत मोठ्या निकायांपैकी होती. माळव्यात २०,००० भिक्खू, वलभीत ६,०००, असे त्याचे आकडे आहेत. त्याने सम्मितीयांचे १५ ग्रंथ चीनला नेलेही, पण त्यातला एकही भाषांतरित केला नाही. एवढा मोठा पंथ, आणि त्याचा आवाज असा हरवला. त्याच घराण्यातले भद्रायणीय स्वतःच्या नावाने अजून उभे आहेत, नाशिकला आणि आपल्या कान्हेरीत. म्हणून हा गौरव, म्हणा किंवा आठवण, मला आवश्यक वाटते.

अनिच्च

भार सुत्ताचं मान्य. थेरवादी अट्ठकथा, म्हणजे टीकाग्रंथ, तिथे 'पुग्गल' हा व्यवहारातला शब्द धरते, आणि मलाही तेच बरोबर वाटतं. साधनेत बसल्यावर मला 'अमुक नावाचा' कोणी सापडत नाही. पण विरोधकाच्या तोंडूनच एखाद्याला ओळखणं हा अन्याय आहे, हे तुमचं म्हणणं पटलं. पुढच्या वेळी कान्हेरीला गेलो की त्या लेखासमोर थोडा वेळ बसेन.

आबोली

मी मंडणगड तालुक्यातली, प्राथमिक शिक्षिका. बाबासाहेबांचं आंबडवे आमच्याच तालुक्यात. हा धागा दोनदा वाचला.

आमच्या बौद्धवाडीत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. दिवसभर लावणी करून आलेल्या बायका संध्याकाळी पाय धुऊन विहारात बसतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं, मग खीर. या वर्षी बहुतेक रात्री वाचायची पाळी माझी होती. लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात वाचायचं. तुम्ही लिहिलेलं अक्षयनीवीचं वाचताना मला आमची वर्गणीची वही आठवली. मुंबई शाखेकडून आलेले, गावातून जमलेले, कोणी तांदूळ दिले, कोणी सतरंजी दिली. सगळ्यांची नावं लिहितात. आकडा लहान असला तरी नाव सोडत नाहीत.

आमचा धम्म नवयान. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या आदल्या दिवशी, नागपुरात पत्रकारांना सांगितलं होतं की हीनयान-महायानाच्या वादात आपल्याला पडायचं नाही. त्यामुळे भद्रायणीय आमचे पूर्वज आहेत असं मी म्हणणार नाही. मधे शेकडो वर्षांची खिंड आहे आणि ती बाबासाहेबांनी ओलांडली, लेण्यांनी नाही. पण याच डोंगरात, याच पावसात, वर्षावासाला लोक चिवर देत होते, हे वाचून मला भरून आलं.

लेण्यांत बायकांची नावं आहेत का? असतील तर लिहाल का? विहारात सांगायची आहेत.

खाडीपलीकडे

आबोलीताई, भरपूर आहेत. तुम्हाला आमच्या खाडीचंच सांगतो. तळ्याजवळ, राजपुरीच्या खाडीवर कुडा लेणी आहेत, २६ लेण्यांचा समूह. आमच्या घरापासून फार लांब नाहीत. तिथे एक लेणं भिक्खुणीने दिलंय. तिचं नाव पदुमनिका. तिची आई नागनिका, तीही प्रव्रजित, म्हणजे भिक्खुणी. पतिमित आणि अगिमित हे दोन थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, तिचे मामा. आणि दानात तिच्याबरोबर तिच्या दोन शिष्या आहेत, बोधी आणि असाळमिता. विचार करा, आई भिक्खुणी, लेक भिक्खुणी, मामा भिक्खू, आणि लेकीच्या हाताखाली आणखी दोन मुली शिकताहेत.

त्याच कुड्याला शिवम आहे, महाभोज मांदव घराण्याच्या पदरच्या शिवभूती या लेखकाचा, म्हणजे कारकुनाचा, धाकटा भाऊ. त्याने दान दिलं तेव्हा बायको विजया हिचं नाव बरोबर घातलं. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे. आणि लेखांतले शब्द बघा: 'लेण' म्हणजे लेणं, 'ओवरक' म्हणजे आपली ओवरी, 'पोढि' म्हणजे पाण्याची टाकी. आजही भटकंती करणारे टाक्याला पोढी म्हणतात. ज्या भाषेत हे कोरलं ती आपल्या भाषेची आजी आहे.

अनिच्च, भार सुत्तातलं 'अमुक नावाचा, अमुक गोत्राचा' मला या लेखांसमोर हटकून आठवतं. नावं सगळ्याच निकायांच्या लेण्यांत आहेत, हे मला मान्य. तरीही भद्रायणीयांच्या दाराशी ती वाचताना वेगळं वाटतं.

कातळ

शेवट कसा झाला मग? कोकणातून हे लोक गेले कुठे?

खाडीपलीकडे

एका दिवसात कोणी गेलं नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याच्या मांडलिक शिलाहारांच्या अमलात, कान्हेरीत अजून ध्यानासाठी खोल्या आणि चिवरासाठी द्रम्म, म्हणजे नाणी, दिली जात होती. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला गोमिन अविघ्नाकर त्यातला एक दाता. पण त्या लेखांत भद्रायणीय हे नाव येत नाही. १००९ आणि १०२१ मध्ये पारशी मंडळींनी ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं कोरली, पाहुणे म्हणून. त्याच सुमाराला दापोलीजवळ पन्हाळेकाजीला, कोटजाई नदीच्या काठी, वज्रयानाची उपासना चालू होती. तिथल्या दहाव्या लेण्यात महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती आहे. पुढे त्याच २९ लेण्यांच्या समूहात शैव आणि नाथपंथी आले. व्यापाराच्या वाटा बदलल्या, राजांची दानं देवळांकडे वळली, तसा निकायाचा तांडा विरळ होत गेला.

भाच्याला परवा फोन करून सगळं सांगितलं. त्याने वहीच्या मागच्या पानावर 'भद्रायणीय' लिहून फोटो पाठवला. 'णी' दीर्घ, बरोबर लिहिलंय.

गलबत

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सगळे कान्हेरीला जमू या का? सकाळी लवकर. मी लेखांचं नागरी लिप्यंतर छापून आणतो, ऊन तिरपं असताना अक्षरं चांगली दिसतात.

अनिच्च

मी येईन.

आबोली

मला एसटीने आदल्या रात्री निघावं लागेल, पण येईन.

काल आश्विन पौर्णिमा झाली, वर्षावासाची समाप्ती. वाचन संपल्यावर मी वर्गणीची नावं वाचली आणि त्याला जोडूनच कुड्याची: पदुमनिका, नागनिका, बोधी, असाळमिता, विजया. सगळे शांत बसले होते. मागे भिंतीला टेकून आमची एक आजी बसते, ऐंशीच्या पुढची, तिला वाटलं ही यंदाच्याच वर्गणीची नावं. ती म्हणाली, "पदुमनिका कुठली गो ती? आपल्या वाडीतली न्हाय."

मी म्हटलं, "कुड्याची, आजी. खाडीपलीकडची."

"मग तिला खीर धाडलीव का?"